जंताचं औषध सशाला पण द्यायचं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमच्याकडे दोन वर्षांपासून ससा आहे, पांढरा, लाल डोळ्यांचा, नाव कापशा. परवा किराणावाल्याच्या काट्यावर वजन केलं तर 1 किलो 600 ग्रॅम भरलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, कापशा हॉल आणि गॅलरी सोडून कुठे जात नाही. झालं असं की मुलीला शाळेत जंताची गोळी दिली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की पोरांना सहा महिन्यांनी देतात मग या मुक्या जनावराने काय घोडं मारलंय. मेडिकलवाला म्हणाला लहान मुलांचं सिरप अर्धा चमचा घाला, काही होत नाही. ज्याच्याकडून ससा घेतला तो म्हणतो दर तीन महिन्याला द्या. आणि माझी बहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे दोन ससे आहेत, ती म्हणते आम्ही नऊ दिवस पेस्ट देतो, तुमच्याकडे देत नाहीत म्हणजे कमालच आहे. कापशा नीट खातो, उड्या मारतो, लेंड्या छान गोल आणि कोरड्या आहेत. आता चौघांपैकी नक्की कोणाचं ऐकू?
एक वाचक, ठाणे

उत्तर: चौघांपैकी कोणाचंच नको. घरात राहणारा, नीट खाणारा, गोल कोरड्या लेंड्या टाकणारा ससा असेल तर त्याला जंताचं औषध ठराविक तारखेला द्यायची गरज नसते. आणि मुलांचं सिरप तर अजिबात नको, पत्र पोचेपर्यंत दिलं नसेल अशी आशा करते.

आधी त्या अर्ध्या चमच्याचा हिशोब बघा. मुलांच्या अल्बेंडाझोल सिरपच्या 10 मिलीच्या बाटलीत 400 मिलिग्रॅम औषध असतं. अर्धा चमचा म्हणजे अडीच मिली, म्हणजे 100 मिलिग्रॅम. कापशा 1600 ग्रॅमचा, म्हणजे किलोमागे बासष्ट मिलिग्रॅम झाले. तुमची मुलगी 20 किलोची धरली तर तिला 400 ची अख्खी गोळी खाऊन किलोमागे 20 च पडतात. म्हणजे ‘अर्धाच चमचा’ म्हणून जे दिलं जातं ते पोरीच्या तिप्पट असतं, आणि ते पण अशा प्राण्याला की ज्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं.

ही सगळी औषधं, म्हणजे अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल वगैरे, जंताच्या पेशींमधल्या एका प्रथिनाला धरतात, त्यामुळे पेशींची वाढ अडकते. जंताच्या बाबतीत ते चांगलंच, पण डोस जास्त झाला किंवा एखाद्या सशाला सोसलं नाही तर हाडातला मगज आणि आतड्याचं अस्तर, जिथे पेशी सतत नव्या तयार होत असतात, तिथे पण हाच मार बसतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, मग लाल पण, आणि ससे दगावल्याच्या नोंदी आहेत. अल्बेंडाझोल यात जास्त बदनाम आहे. फेनबेंडाझोल बहुतेक सशांना सोसतं, पण बहुतेकांना, सगळ्यांना नाही.

मी असा एक ससा बघितलाय. मालकाने चांगल्या मनाने आठवडाभर रोज सिरप पाजलं होतं, का तर एक दिवसाने जंत जात नाहीत असं कोणीतरी सांगितलं. पांढऱ्या सशाचा कान ट्यूबलाइटसमोर धरला ना की आतल्या लाल शिरांची जाळी झाडाच्या पानासारखी स्पष्ट दिसते. याच्या कानात काहीच दिसेना, नुसता फिकट कागद. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच कळलं होतं काय ते. वाचला नाही तो.

आता सासूबाईंचा मुद्दा, तो काही चुकीचा नाहीये, फक्त सशाला लागू होत नाही. शाळेत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या आसपास जी गोळी देतात (2015 मध्ये काही राज्यांत सुरू झालं ते, मग देशभर) ती एकेका मुलाची तपासणी न करता सरसकट देतात कारण मुलं मातीत खेळतात, अनवाणी फिरतात, आणि माणसाच्या विष्ठेतून मातीत गेलेली जंतांची अंडी आणि अळ्या पुन्हा माणसातच येतात. इतक्या मुलांची शी तपासत बसण्यापेक्षा गोळी देणं स्वस्त आणि सुरक्षित. कापशाच्या गॅलरीत माती तुळशीच्या कुंडीतली, त्याचा त्या चक्राशी संबंधच नाही. कुत्र्याचं पण वेगळं आहे, पिल्लू आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतं आणि ते गोल जंत माणसाच्या मुलांना त्रास देऊ शकतात, म्हणून तिथे तारखा ठरवून औषध देतात. सशाच्या पोटात असा कुठलाच जंत नाही की ज्याच्यासाठी घरच्यांनी घाबरावं.

एक कबूल करते. प्रॅक्टिस नवीन होती तेव्हा मी पण सशाच्या कार्डावर कुत्र्यासारखी ‘पुढचा डोस’ची तारीख टाकायचे. कॉलेजात कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी भरपूर शिकवतात, ससा आपला दोन-तीन तासात उरकतो. मग आपण जे येतं तेच सशाला लावतो. तुमच्या ससेवाल्याचं पण तेच होत असणार, त्याला मी फार दोष देणार नाही.

मग घरच्या सशाला जंत होतच नाहीत का? होतात, मुख्यतः एकाच जातीचे, बारीक सुतासारखे पांढरे, पॅसॅल्युरस नावाचे. त्यांच्याबद्दल खालच्या पत्रात लिहिलंय. युरोपातल्या रानसशांमध्ये चरण्यातून येणारे जठरातले, आतड्यातले बाकीचे जंत असतात, पण गॅलरीतल्या सशाला ते मिळणार कुठून. आणि आपल्याकडे माळावर दिसतो तो तपकिरी ससा हा वेगळाच प्राणी आहे, त्याचं आणि कापशाचं नातं लांबचं. कापशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे.

आता बहिणीची पेस्ट. ती खोटं बोलत नाहीये, फक्त ती पेस्ट मुख्यतः जंतासाठी नाहीये. म्हणजे औषध फेनबेंडाझोलच आहे, जंत पण मरतात त्याने, पण तिकडे सशाला ती देतात ते एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय नावाच्या एका सूक्ष्म परजीवीसाठी. तोंडात बसत नाही नाव, ससेवाले लोक ‘ई. सी.’ म्हणतात, आपण पण तेच म्हणू. हा जंत नाही, डोळ्याला दिसत नाही, सशाच्या लघवीतून पसरतो, आईकडून पिल्लांना जातो, आणि मेंदू, मूत्रपिंड, डोळे इथे जाऊन बसतो. ससा एक दिवस मान वाकडी करून गोल फिरायला लागतो, किंवा मागचे पाय ओढतो, किंवा डोळ्यात पांढरं दिसायला लागतं. इंग्लंडमध्ये धडधाकट पाळीव सशांचं रक्त तपासलं तर साधारण निम्म्या सशांमध्ये त्याच्याशी कधीतरी गाठ पडल्याच्या खुणा सापडल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काहीच होत नाही. तिथे पेस्टच्या दोन पद्धती आहेत: आजार झाला तर किलोला 20 मिलिग्रॅम रोज, सलग 28 दिवस, आणि प्रतिबंध म्हणून नऊ दिवस, वर्षातून दोन ते चार वेळा. बहीण ही दुसरी करतेय. नवीन ससा आणून जुन्याबरोबर ठेवायचा असेल, किंवा बरेच ससे एकत्र असतील तर त्यात अर्थ आहे. एकटा राहणारा, दोन वर्षांत दुसऱ्या सशाचं तोंडही न बघितलेला कापशा नऊ दिवस औषध खाऊन कोणापासून वाचणार? तिकडचे पण सगळे व्हेट आता सरसकट द्या म्हणत नाहीत.

अजून एक. वारंवार दिलेल्या औषधाला जंत सरावतात. आपल्याकडे शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांना फेनबेंडाझोल बऱ्याच ठिकाणी लागूच पडेनासं झालंय, कारण वर्षानुवर्ष अंदाजाने पाजलं गेलं.

तुम्हाला काहीतरी करायचंच असेल, आणि मला माहितीये करायचंच असतं, तर वर्षातून एकदा लेंड्या तपासून घ्या. सकाळच्या ताज्या आठ-दहा लेंड्या स्वच्छ डबीत, त्याच दिवशी द्या, नाही जमलं तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा (फ्रीझरमध्ये नाही, आणि डबीवर नाव लिहा, एका घरात ती डबी मिरीची समजून उघडली गेली होती). तुमच्या व्हेटकडे सूक्ष्मदर्शक असेल तर तिथेच होतं, नाहीतर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्राचा विभाग आहे. रिपोर्टमध्ये काही निघालं तर जे निघालं त्याचं औषध, वजन करून. काही नाही निघालं तर ते पैसे सुक्या गवतावर खर्च करा, कारण सशाची पोटं बिघडतात ती बहुतेक गवत कमी आणि बिस्किटं, गाजर, पोळी जास्त यामुळे, जंतामुळे नाही.

प्रश्न: डॉक्टर, आमच्या सशाच्या लेंड्यांवर पांढरे बारीक दोरे दिसले आणि ते हलत होते. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, तो सशाला मिठी मारून झोपतो. त्यालाही रात्री खाज सुटते खाली. सशामुळे झालं का? ससा देऊन टाकायचा का?
एक आई, कोल्हापूर

उत्तर: नका देऊ. दोन वेगवेगळे जंत आहेत हे, दिसायला चुलत भावंडं. सशाचा पॅसॅल्युरस माणसात राहू शकत नाही आणि माणसाच्या मुलांना रात्री खाज आणणारा सूतकृमी सशात राहत नाही. मुलाला तो बहुतेक बालवाडीतून मिळाला, त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे न्या, ते घरातल्या सगळ्यांनाच एकदम औषध देतील. ससा निर्दोष.

सशाचं बघू. हे दोरे पाच ते दहा मिलिमीटर, शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक, एक टोक टोकदार. सशाच्या अंधआंत्रात (लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरच्या पिशवीत) राहतात, तिथे आंबत असलेला चारा खातात आणि सशाला फारसा त्रास देत नाहीत, क्वचित खाज, क्वचित वजन थोडं कमी. तपासणीत कधीकधी अंडी सापडत नाहीत, मग पारदर्शक चिकटपट्टी सशाच्या गुदद्वारापाशी हलकेच दाबून ती काचेवर लावून बघतात. दिसलेच आहेत तर औषध द्यायला हरकत नाही, पण तुमच्या व्हेटने वजनाप्रमाणे लिहून दिलेलं, आणि बहुतेक वेळा काही दिवसांनी पुन्हा, कारण ससा रात्री स्वतःच्या मऊ लेंड्या गुदद्वारापासूनच थेट खातो (तो त्याचा स्वभाव आहे, ओरडू नका त्याला, त्याला त्यातून जीवनसत्त्वं मिळतात) आणि त्याबरोबर अंडी परत पोटात. पिंजरा रोज साफ करणं हे अर्धं औषध.

पण पावसाळ्याचे दिवस आहेत म्हणून विचारते, ते दोरे नक्की लेंडीवरच होते ना? सशाच्या मागच्या केसात नव्हते ना? कारण लोक ‘जंत पडले’ म्हणून फोन करतात आणि येतात तेव्हा त्या माशीच्या अळ्या निघतात. जाडा ससा, पावसाची ओल, मागे चिकटलेली मऊ शी आणि लघवी, एवढं माशीला पुरतं. सकाळी अंडी घातली तर रात्रीपर्यंत, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत अळ्या बाहेर, आणि त्या कातडी खात आत शिरतात. वरून ससा नुसता गप्प बसलेला दिसतो. मी उलटा करून केस बाजूला केले की आतून तांदूळ हलल्यासारखं दिसतं आणि एक गोडसर कुजका वास येतो, एकदा आला की विसरत नाही. याला जंताचं औषध पाजून काही उपयोग नाही आणि उद्या सकाळी पण नाही, त्याच तासाला दवाखाना. जाताना रॉकेल, फिनेल, टर्पेंटाइन यातलं काही ओतू नका, गुरांच्या जखमेवर चालतं म्हणून सशावर चालत नाही. कुत्र्याच्या गोचिडाचे मानेवर टाकायचे थेंब पण नकोत, त्यातलं फिप्रोनिल सशाला विषासारखं आहे. जून ते सप्टेंबर रोज दोनदा सशाचं बूड बघायचं, दात घासल्यासारखं, बास.

प्रश्न: माझ्याकडे 22 ससे आहेत, शेडमध्ये. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की पोट फुगतं, हगवण लागते आणि दोन दिवसात जातात. दोनदा सगळ्यांना जंताचं औषध पाजलं, शेळीचंच. फरक नाही. डोस वाढवू का?
एक शेतकरी, शिरूर

उत्तर: दादा, डोस वाढवू नका, औषधच चुकतंय. आईपासून तोडल्यानंतरची पिल्लं, फुगलेलं पोट, हगवण, दोन दिवसात खेळ खलास, हे ऐकून पहिला संशय कॉक्सीवर जातो, कोंबड्यांवाले ज्याला कॉक्सी म्हणतात तोच प्रकार पण सशाच्या जाती वेगळ्या. तो जंत नाही, एकपेशीय जीव आहे, जंताच्या औषधाला दाद देत नाही. मेलेलं पिल्लू फेकू नका, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. यकृतावर पिवळट पांढरे ठिपके असतील तर यकृताची कॉक्सी, नाहीतर आतड्याची. औषधं आहेत, सल्फाची आहेत, टोल्ट्राझुरिल आहे, पण तिथले डॉक्टर लिहून देतील ते. शेजारच्या पोल्ट्रीतलं खाद्य किंवा औषध आणून घालू नका, कोंबड्यांना चालणारी यातली काही औषधं सशाला विषारी आहेत. आणि अंदाजाने अँटिबायोटिक पण नको, तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गेलं की सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि हगवण थांबायच्या ऐवजी ससाच जातो.

औषधाने निम्मं काम होईल. लेंडीतून पडलेली कॉक्सीची अंडी लगेच लागण करत नाहीत, ओल आणि ऊब मिळाली की दोन-चार दिवसात तयार होतात. म्हणजे रोज झाडलं तर ती तयार व्हायच्या आधीच बाहेर जातात, आठवड्यातून एकदा झाडलं तर आपणच त्यांना पिकवतोय. फिनेल, ब्लीचने ती मरत नाहीत. उकळतं पाणी, कडक ऊन आणि कोरडेपणा, हेच. पाण्याची भांडी आणि चारा जमिनीवर नको, गवाणीत टांगा. मोठे ससे वरून ठणठणीत दिसतात पण तेच अंडी टाकत असतात, म्हणून पिल्लं तोडल्यावर मोठ्यांच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. तुमच्या शेडचा फोटो बघून हेच होतंय असं वाटतं.

प्रश्न: सशाला वावडिंगाचं पाणी चालेल का? आमच्या आईने आम्हाला पाजलं, आम्ही जगलो. लसूण पण चांगला म्हणतात जंतावर.
एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: लसूण, कांदा, पात यातलं काहीही नाही, सशाच्या लाल पेशी फुटतात त्याने. वावडिंग आपल्या सगळ्यांनाच पाजलंय, पण सशासाठी त्याचं माप ठरलेलं नाही, आणि मुळात ज्याला जंतच नाहीत त्याला कशाला. पपईच्या बियांचंही तेच. पपईची फोड द्या हवी तर, नखाएवढी.

प्रश्न: मळ्यात राहतो. घरात दोन ससे आणि एक शेरू (गावठी कुत्रा). ससे बांधावरचं गवत खातात, शेरू त्यांना काही करत नाही पण माळावरचे ससे मारून खातो. ससे तपासले, दोन्ही स्वच्छ. एकाच्या पाठीवर कातडीखाली लिंबाएवढी मऊ गाठ आहे तेवढी. जंताचं औषध दिलं तर विरघळेल का?
एक वाचक, जामखेड

उत्तर: गाठ आधी सुईने तपासून घ्या, गळू असू शकतं, सशाला गळवं फार होतात. पण तुमची गोष्ट वाचून मला दुसरंच दिसतंय. कुत्र्याच्या पट्टकृमींच्या (फितीसारख्या चपट्या जंतांच्या) काही जाती अशा आहेत की ज्यांची पोरवयातली अवस्था सशात वाढते. कुत्रा रानातला ससा खातो, त्यातून पट्टकृमी त्याच्या पोटात मोठा होतो, अंडी त्याच्या विष्ठेतून बांधावर पडतात, तुमचे ससे तेच गवत खातात, आणि त्यांच्या पोटात, यकृताजवळ, किंवा एका जातीत कातडीखाली, पाण्याने भरलेल्या पिशव्या तयार होतात. सशाची लेंडी तपासून हे कधीच कळणार नाही कारण अंडी सशात तयारच होत नाहीत, म्हणून रिपोर्ट ‘स्वच्छ’. पिशवी असेल तर ती छोट्या ऑपरेशनने काढतात, पाजून विरघळवायच्या भानगडीत पडू नका. एवढंच, ऑपरेशनच्या आदल्या रात्री सशाला उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सशाचं पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं.

गवत शेरू जिथे जात नाही तिथलं कापा. त्याची शी उचलून पुरा. माळावरचा ससा मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही हे शेरूला सांगून उपयोग नाही, त्याला बांधून ठेवा जमेल तितकं. आणि पट्टकृमीवर चालणारं प्राझिक्वांटेल असलेलं औषध, वजन करून, तीन महिन्यांनी तरी, आणि असाच शिकार करत राहिला तर व्हेटला विचारून त्याहून कमी अंतराने. सशांना नाही, शेरूला. त्याला शेवटचं औषध कधी दिलं होतं ते पत्रात लिहिलेलंच नाहीये तुम्ही.